जिल्ह्याची कचेरी इथेच का आली? धुळ्याच्या नमुन्यावरून शोध घेण्याची पद्धत

'धुळे शहर कॅप्टन ब्रिग्जनं वसवलं' हे वाक्य सर्रास छापलं जातं. ब्रिग्ज म्हणजे १८१८ मध्ये खानदेशात आलेले कंपनीचे अधिकारी. वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं शोधण्यासाठी कोणते कागद काढायचे, ते कसे वाचायचे आणि कुठे फसायला होतं, हे खाली दिलं आहे. नमुना धुळ्याचा घेतला, कारण कचेरी कुणी आणली, त्यावर किती खर्च झाला आणि तेव्हा गावात घरं किती होती, हे सगळं धुळ्याबाबत नोंदलेलं सापडतं. पद्धत मात्र रत्नागिरी, अलिबाग, बुलढाणा अशा कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणाला लागू पडते.

पहिलं काम: तारखा सुट्या करणं

वहीच्या एका पानावर चार रकाने पाडा: वस्ती कधीपासून, सत्ता कधी बदलली, कचेरी कुणाच्या हुकमानं आणि कधी आली, जिल्ह्याची हद्द व नाव कधी ठरलं. बहुतेक चुका या चार गोष्टी एकाच सालात कोंबल्यामुळे होतात.

धुळ्याचे रकाने असे भरतात. जुन्या काळी हे लळिंगच्या हाताखालचं साधं गाव होतं. लळिंगचा किल्ला शहराच्या दक्षिणेला, आग्रा रस्त्यालगत आजही उभा आहे. १८०३ मध्ये होळकरांच्या फौजांची लूट आणि त्याच सालचा भीषण दुष्काळ यांमुळे धुळे पार ओस पडलं. पुढच्या वर्षी पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं. लळिंग आणि सोनगीर हे परगणे पेशव्यांनी विंचूरकरांना दिलेले होते. बाळाजींना या कामाबद्दल इनाम जमीन मिळाली, पुढे दोन्ही परगण्यांचा कारभार त्यांच्याकडे आला आणि त्यांनी आपलं ठाणं धुळ्यातच ठेवलं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे गेला. दख्खनचे कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या हाताखाली कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचे पोलिटिकल एजंट झाले. त्यांनी मुख्य ठाण्यासाठी धुळे निवडलं आणि जानेवारी १८१९ मध्ये मुलकी व न्यायाच्या कामासाठी सरकारी इमारती बांधायची परवानगी मिळवली. चौथ्या रकान्यात १९०६ येतं: त्या साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि धुळे पश्चिम खानदेशाचं मुख्य ठिकाण राहिलं. १९९८ मध्ये त्यातून नंदुरबार वेगळं निघालं.

एवढं मांडल्यावर पहिल्या वाक्याची दुरुस्ती आपोआप होते. गाव आधीचं, पुनर्वसन १८०४ चं, आणि परगण्याचा कारभारही ब्रिग्ज येण्याआधीच तिथून चालत होता. ब्रिग्जनं आणली ती जिल्ह्याची कचेरी आणि तिच्या आधारानं उभी राहिलेली नवी पेठ. श्रेय कमी होत नाही, जागेवर येतं.

रत्नागिरीचे रकाने भरताना वेगळीच गाठ सुटते. दक्षिण कोकणचा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा, १८१९ मध्ये, कचेरी बाणकोटला होती. बाणकोट १७५६ पासून इंग्रजांच्या ताब्यात, म्हणून तेच हाताशी होतं. पण ते जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. म्हणून १८२२ मध्ये कचेरी मध्यावरच्या रत्नागिरीला हलली. तेव्हा 'पहिलं ठाणं' आणि 'आजचं ठाणं' एकच असेल असं धरून चालू नका. नाशिकसारख्या पुरातन गावाच्या बाबतीत तर पूर्ण जिल्हा म्हणून साल १८६९ निघतं, आणि त्याच वेळी मालेगाव व बागलाण खानदेशातून काढून नाशिकला जोडले गेले. १८६९ च्या आधीच्या खानदेशच्या कागदात मालेगाव सापडतं ते याच कारणानं. धुळ्याचा अभ्यास करणारे नेमके ते कागद 'हा दुसरा जिल्हा' म्हणून बाजूला ठेवतात.

गॅझेटियर: कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं

मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांसाठी जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेली गॅझेटियर मालिका, म्हणजे सरकारनं काढलेले जिल्हावार माहितीचे ग्रंथ, पहिली उघडायची. खानदेशचा खंड बारावा, छपाई १८८० ची. तो नेटवर मोफत मिळतो. शहराचं वर्णन शेवटच्या, प्रेक्षणीय स्थळांच्या प्रकरणात असतं आणि बहुतेक जण तेवढंच वाचून पुस्तक मिटतात. त्याखेरीज इतिहास, जमीन महसूल आणि न्याय ही तीन प्रकरणं वाचलीच पाहिजेत. कचेरीची जागा ठरवताना रस्ता, बंडाची भीती आणि वसुली यांचा विचार झालेला असतो आणि तो मजकूर तिथे विखुरलेला असतो. १८१८ च्या मे-जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्यात अरब शिबंदीनं (पगारी शिपायांनी) इंग्रजांना दिलेली झुंज आणि सातपुडा-सातमाळ्यातल्या भिल्लांशी चाललेला संघर्ष वाचल्याशिवाय, दळणवळणाच्या रस्त्यावरचं मध्यवर्ती गाव ब्रिग्जला का हवं होतं ते कळत नाही.

वाचताना तीन गोष्टी सांभाळा.

एक, पैसे. गॅझेटियरमध्ये रकमा पौंडांत दिलेल्या असतात, पण मूळ हिशोब रुपयांचा आणि दर ठोकळ, १ पौंडाला १० रुपये. धुळ्याच्या पहिल्या सरकारी इमारतींचा एकूण खर्च २,७०० पौंड, म्हणजे २७,००० रुपये. आजच्या पौंडाच्या भावानं गुणून लाखांत आकडा सांगणारे लेख दिसतात. तो हिशोब फुकट आहे. या रकमेची तुलना करायचीच तर त्याच काळातल्या दुसऱ्या जिल्ह्याच्या इमारत खर्चाशी करा.

दोन, बोलणारा कोण. १८१९ चं धुळे म्हणजे बागायतीनं वेढलेलं, पाट आणि नदी यांच्यामध्ये दाटलेलं छोटं गाव, हे वर्णन खुद्द ब्रिग्जचं आहे. इमारतींना मंजुरी मागणारा अधिकारी आणि गाव किती किरकोळ होतं हे सांगणारा अधिकारी एकच. वर्णन खोटं म्हणायचं कारण नाही, पण त्याला दुसरा साक्षीदार हवा. तो बाळाजी बळवंतांच्या काळच्या मराठी कागदांत शोधायचा.

तीन, काळाचं अंतर. १८८० चा संपादक १८१९ बद्दल सांगतो तेव्हा मध्ये ६१ वर्षं गेलेली असतात. गॅझेटियरमधलं वाक्य हा पुरावा नव्हे. पुरावा कुठे असेल त्याचा तो पत्ता आहे. तळटीपांत पत्राची तारीख किंवा दफ्तराचा क्रमांक दिसला की लगेच उतरवून घ्या, पुढच्या पायरीला तेच भांडवल.

शोध घेताना नावाची जुनी इंग्रजी रूपं माहीत हवीत. आजच्या रूपानं शोधलं तर काहीच हाती लागत नाही. 'धुलिया' (Dhulia) आणि 'धूलिया' (Dhoolia) ही दोन्ही वापरा, खानदेशसाठी 'कँडेश' (Candeish) सुद्धा. स्कॅन केलेल्या पुस्तकात यंत्रानं अक्षरं चुकीची वाचलेली असतात, म्हणून नाव सापडलं नाही तर 'लळिंग', 'सोनगीर', 'पांझरा' (धुळ्याची नदी) यांनी शोधा आणि आजूबाजूची पानं चाळा.

मूळ कागद

खानदेशपुरतं सांगायचं तर दोन ठिकाणं महत्त्वाची. पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर: इथे मराठी, मोडी रुमालांबरोबर (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांबरोबर) दख्खन कमिशनरच्या कचेरीचा इंग्रजी पत्रव्यवहारही आहे. ब्रिग्जची एल्फिन्स्टनला गेलेली पत्रं शोधायची जागा हीच. दुसरं मुंबईचं पुराभिलेखागार, काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत: इथे सरकारच्या खात्यांची बाडं आहेत आणि ती खातं, साल, बाड क्रमांक अशा क्रमानं मागावी लागतात. 'धुळ्याची सगळी कागदपत्रं द्या' अशी मागणी तिथे चालत नाही. आधी सूची बघायची, मग चिठ्ठीवर नेमका क्रमांक लिहायचा. इमारतीच्या मंजुरीसाठी महसूल खात्यापासून सुरुवात करा.

जाताना ओळखपत्र, संशोधनाचा विषय लिहिलेला अर्ज आणि पेन्सिल न्या. छायाचित्रं घ्यायची की प्रती मागायच्या, याचे नियम आधी विचारून घ्या. मोडी येत नसेल तर सहा महिने तरी हाताशी ठेवा किंवा जाणकार गाठा. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. छापील मोडी ओळखता येणं आणि कारकुनाच्या पळत्या हाताचं मोडी वाचता येणं यांत बरंच अंतर आहे. धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले, त्यांनी जमवलेले कागद तिथे जतन झाले. स्थानिक घराण्यांच्या नोंदींसाठी तिथे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इनामाचा धागा सोडू नका. बाळाजी बळवंतांना पुनर्वसनाबद्दल इनाम मिळालं, म्हणजे त्याची चौकशी पुढे कधीतरी झालीच असणार. इनामांची तपासणी १८५२ च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशनकडे गेली, आणि इनामदारांनी आपल्या हक्कासाठी जुन्या सनदांच्या नकला हजर केल्या. मूळ सनद हरवलेली असते तिथे ही नक्कल तारून नेते. मात्र इनामदाराची कैफियत ही हक्क वाचवण्यासाठी लिहिलेली असते. त्यातली 'वाडवडिलांपासून' ही भाषा साल ठरवायला उपयोगाची नाही.

सनांचा घोळ

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. १८१९ च्या आसपासच्या मराठी कागदात चार कालगणना भेटतील: शक, फसली (महसुलाचं वर्ष), शुहूर (अरबी) आणि इंग्रजी.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. दख्खनच्या फसलीत ५९०, शुहूरमध्ये ५९९. पण फसली आणि शुहूर ही दोन्ही वर्षं मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतात. म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी एक जास्त मिळवावा लागतो, अनुक्रमे ५९१ आणि ६००.

ब्रिग्जच्या परवानगीचा महिना घ्या. जानेवारी १८१९ म्हणजे शक १७४०, फसली १२२८, शुहूर १२१९. आता कागदावर फसली १२२८ आहे आणि वाचणाऱ्यानं सरळ ५९० मिळवले, तर उत्तर १८१८ येतं आणि कचेरी एक वर्ष आधी उभी राहते. आकड्याऐवजी शब्द असतील तर शुहूर अरबी नावांनी लिहिलेला असतो: 'तिसा अशर मयातैन व अलफ' म्हणजे नऊ, दहा, दोनशे आणि हजार, एकूण १२१९. प्रत्येक कागदाची मूळ नोंद जशीच्या तशी उतरवा आणि रूपांतर शेजारी वेगळ्या रकान्यात लिहा. मूळ सन खोडून इसवी ठेवला तर चूक पुन्हा शोधता येत नाही.

नकाशा आणि पायपीट

ब्रिग्जचं वर्णन 'पाट आणि नदी यांच्यामध्ये' असं आहे, आणि धुळ्याच्या बाबतीत हे सोन्यासारखं माप आहे. पांझरेवर बंधारे घालून पाटानं पाणी फिरवायची फड पद्धत या खोऱ्यात जुनी आहे. नदीकाठ आणि पाटाची जुनी ओळ या दोन रेषा नकाशावर बसल्या की १८१९ च्या गावाचा पट्टा बराच आवळता येतो. नदीची रेषा पुरानं सरकते, म्हणून पाट जास्त भरवशाचा.

जुने नकाशे आजच्या नकाशावर बसवायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. किमान तीन जुळणीचे बिंदू लागतात. सहा ते आठ घ्या आणि ते नकाशाभर पसरलेले ठेवा. देऊळ, पक्की विहीर, पुलाचा खांब, किल्ल्याचा बुरूज चालेल. नदीचा काठ, झाड, शेताचा बांध घेऊ नका. एक बिंदू बाकीच्यांपेक्षा फार चुकत असेल तर तो काढून टाकण्याआधी बघा: बऱ्याचदा नकाशा बरोबर असतो आणि देवळाचा जीर्णोद्धार दुसऱ्या जागी झालेला असतो.

प्रमाणाचं भान ठेवा. मैलाला एक इंच या नकाशावर कागदाचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६३ मीटर. अशा नकाशावरून गल्ली सिद्ध करता येत नाही, पेठेची बाजू फार तर सांगता येते. गल्लीसाठी मोठ्या प्रमाणाचा शहर नकाशा किंवा भूमी अभिलेख कार्यालयातले नगर भूमापनाचे (सिटी सर्व्हेचे) नकाशे हवेत. मुंबई इलाख्याच्या जुन्या मोजणीत साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीचा चौरस म्हणजे १ गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. मोजणीच्या कागदावरचे 'आणे' पैशांचे समजून हिशोब घातलेला पाहायला मिळतो.

मग चालायला निघा, शक्यतो सकाळी दुकानं उघडण्याआधी. जुन्या धुळ्यातली वाकडीतिकडी घरं आणि नव्या पेठेतल्या समांतर गल्ल्या यांतला फरक गॅझेटियरकारांनीही टिपला आहे. गल्ली नंबर ४, ५, ६ असे आकडे पाहून लगेच 'ब्रिग्जची आखणी' म्हणू नका. रस्त्याची ओळ आणि रस्त्याला पडलेला आकडा या दोन वेगळ्या काळच्या गोष्टी असू शकतात. आकड्यांसाठी नगरपालिकेचे ठराव बघायचे, ओळीसाठी नकाशे. रेल्वे स्टेशनच्या आसपासचा भाग तर या शोधातून आधीच वगळा: चाळीसगाव-धुळे फाटा १९०० मध्ये सुरू झाला.

मालमत्ता पत्रकाचा (प्रॉपर्टी कार्डाचा) उपयोग मर्यादित, पण आहे. नव्या पेठेत येऊन घर बांधणाऱ्याला जागा कायमची बिनभाड्यानं दिली गेली आणि जुन्या रहिवाशांना तसेच बाहेरून आलेल्यांना पक्की घरं बांधण्यासाठी आगाऊ रकमाही दिल्या. कारागीर लांबून आणावे लागले. म्हणून पेठेतल्या जुन्या प्लॉटच्या पत्रकात सत्ताप्रकार (जागा कोणत्या हक्कानं धरली आहे) आणि आकार (सरकारी सारा) हे रकाने तपासा, आणि भूमी अभिलेख कार्यालयात त्या क्रमांकाची चौकशी नोंदवही मागा. नगर भूमापन ब्रिग्जच्या बरंच नंतरचं आहे, तेव्हा पत्रक स्वतः १८१९ पर्यंत नेणार नाही. चौकशीच्या वेळी मालकानं काय दाखवलं, ते मात्र कधीकधी नेतं.

आकडे कसे वापरायचे

१८१९ मध्ये धुळ्यात ४०१ घरं आणि २,५०९ माणसं होती. घरामागे सव्वासहा. हे प्रमाण विश्वास बसण्याजोगं आहे. पाचाच्या खूप खाली किंवा आठाच्या वर गेलं असतं तर 'घर' म्हणजे वाडा की चूल, असा प्रश्न आधी विचारावा लागला असता. १८६३ मध्ये लोकसंख्या सुमारे १०,०००, १८७२ च्या शिरगणतीत १२,४८९ आणि १९०१ मध्ये २४,७२६. पहिल्या ५३ वर्षांत पाचपट. १८६३ चा ठोकळ आकडा आणि शिरगणतीचा आकडा एकाच आलेखावर सरळ रेषेनं जोडू नका, दोन्ही वेगळ्या पद्धतीनं आलेले आहेत.

१८७२ बद्दल एक खाचखळगा. मुंबई इलाख्याची ती शिरगणती फेब्रुवारीत झाली. धुळ्याची घरं आणि मालमत्ता उद्ध्वस्त करणारा पांझरेचा मोठा पूर त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आला. म्हणजे १२,४८९ हा पुराआधीचा आकडा. पुरात किती वस्ती हलली याचा पुरावा म्हणून तो वापरणं उलटं आहे. आणि नदीकाठची एखादी इमारत 'ब्रिग्जच्या काळची' म्हणून दाखवली जात असेल, तर १८७२ नंतरची दुरुस्ती आधी शोधावी.

दुसरा जिल्हा असेल तर

कागद कुठे आहेत ते त्या वेळी राज्य कुणाचं होतं यावर ठरतं, आजच्या विभागावर नाही. रत्नागिरी, ठाणे, सातारा, सोलापूर यांचे कागद मुंबई आणि पुण्याला. अलिबागसाठी दोन थर लागतात: आंग्रे संस्थान १८४० मध्ये खालसा झालं आणि कुलाबा जिल्हा १८६९ मध्ये झाला, मधली वर्षं विसरली जातात. वऱ्हाड १८५३ ला निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं आणि १९०३ पर्यंत हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली होतं, म्हणून अकोला, अमरावती, बुलढाण्यासाठी नागपूरबरोबर दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि हैदराबादही बघावं लागतं. मुंबईच्या कॅम्पबेल मालिकेत वऱ्हाडाचे खंडच नाहीत. तिथे शोधून हात हलवत परतणारे बरेच. मराठवाड्यात तर इंग्रजी जिल्हा नव्हताच, निजामाचा कारभार. कागद फारसी आणि उर्दूत, हैदराबादला. कोल्हापूर, सांगली ही संस्थानांची गावं, तिथे 'कलेक्टर कधी आला' हा प्रश्न १९४७ नंतरचा आहे.

शेवटी टिपण लिहिताना प्रत्येक विधानामागे कागदाचा प्रकार कंसात टाका: समकालीन पत्र, नंतरचं संकलन, नकाशा, तोंडी माहिती. धुळ्याच्या बाबतीत एक चांगली नोंद अशी दिसेल: 'वस्ती जुनी, १८०३ मध्ये ओस, १८०४ मध्ये बाळाजी बळवंतांकडून पुनर्वसन (संकलन, १८८०). परगण्याचं ठाणं १८१८ पूर्वीच (संकलन, इनामाचे कागद पाहणं बाकी). जिल्ह्याची कचेरी ब्रिग्जच्या निवडीनं १८१८, इमारतींना परवानगी जानेवारी १८१९ (संकलन, मूळ पत्र पुणे दफ्तरात शोधणं बाकी).' चौकातल्या फलकासाठी कुणी एकच साल मागितलं तर १८१९ द्या, पण शब्द 'स्थापना' न ठेवता 'जिल्ह्याच्या कचेरीच्या इमारतींना मंजुरी' असे ठेवा.